चुकांचे ढीग : दुसरीतल्या मनूच्या लेखनाच्या नोंदी

१९ जून

मनू दुसरीत गेली. मराठी शाळा, वय सात. बोलायला लागली की आवरत नाही, वाचते अडखळत पण वाचते, आणि लिहायला बसवलं की पोटात दुखायला लागतं. पहिलीच्या सगळ्या वह्या तिच्या आईने जपून ठेवल्या होत्या. आज त्या पिशवीत घालून दुकानात आणल्या. सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे: लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं. प्रूफं तपासण्यात निम्मा जन्म गेला, तेव्हा लेकीच्या वह्याही प्रुफासारख्याच तपासायच्या असं ठरवलं. नुसत्या लाल रेघा मारून कुठलाच ऑपरेटर सुधारत नाही. तो एकाच जातीची चूक परत परत का करतो ते बघावं लागतं. कधी कळफलक खराब असतो, कधी मूळ मजकूरच धड वाचता येत नसतो.

गिऱ्हाईक नव्हतं, बाहेर पाऊस होता. दुपारभर बसून एकेक चूक जातवार वेगळ्या कागदावर उतरवली. पाच ढीग पडले.

एकात दिसायला जवळची अक्षरं: घ-ध, भ-म, थ-य, आणि ख च्या जागी रव. दुसऱ्यात काने आणि वेलांट्या: काना गळालेला, नाहीतर वेलांटी भलत्याच अक्षराला. ‘दिवस’चं ‘दविस’, ‘चिमणी’चं ‘चमिणी’. तिसऱ्यात ऱ्हस्व-दीर्घ. चौथ्यात जोडाक्षरं आणि रफार. पाचव्यात घरी बोलतो तसं लिहिलेलं: पानी, कोन, लोनी.

शाळेतून तक्रार यायची ती ‘शुद्धलेखन कच्चं’ अशी, म्हणून ऱ्हस्व-दीर्घाचा ढीग सगळ्यात उंच असेल अशी माझी समजूत होती. उंच निघाला वेलांट्यांचा. आधी नियम घोकायला बसलो असतो तर अख्खा पावसाळा फुकट गेला असता.

ढीग करताना मूल शेजारी नको. त्याला स्वतःच्या चुकांची थप्पी दाखवून काहीच हाती लागत नाही.

२४ जून

डोळे आणि कान तपासून घेतले. दोन्ही ठीक. मिळून सातशे रुपये गेले, पण हे पहिल्यांदा करा. फळ्यावरचं न दिसणाऱ्या पोराला आळशी ठरवून वर्षभर मार खाताना मी माझ्याच वर्गात पाहिलंय.

एका समुपदेशक बाईंनाही भेटलो. त्या म्हणाल्या, विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचण्या-लिहिण्यात किंवा हिशेबात सतत येणारी अडचण) आहे की नाही याची रीतसर चाचणी साधारण आठव्या वर्षी, तिसरीच्या सुमारास करतात. त्याआधी बरीच मुलं नुसती उशिरा रुळणारी असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे, आणि तसं प्रमाणपत्र निघालं तर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मनूच्या आईने घाबरत विचारलं, “म्हणजे डोक्यात काही कमी आहे का हो?” बाई म्हणाल्या, “बुद्धीचा ह्याच्याशी काही संबंध नाही.” ते वाक्य घरी येऊन आधी माझ्या आईला सांगितलं गेलं, मग नणंदेला फोनवर.

चाचणी पुढच्या वर्षी. तोपर्यंत हातावर हात धरून बसायचं नाही, एवढं ठरलं.

३० जून

‘चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणणे’ हा गृहपाठ. आज मी काही न बोलता तिच्या मागे उभा राहून बघितलं.

पहिल्या दोन ओळी वरच्या शब्दाकडे बघत नीट उतरल्या. तिसरीपासून तिची नजर पुस्तकावर जाईना. लगेच वरची, स्वतःचीच ओळ बघून ती लिहीत होती. मध्येच कुठेतरी ‘दिवस’चा ‘दविस’ झाला आणि तिथून खाली सगळे दविसच. म्हणजे दहांतल्या निम्म्याहून जास्त वेळा तिने चुकीचा शब्द घोटला, तोही सुवाच्य.

शाळेत जाऊन तिच्या बाईंशी बोललो. वर्गात चाळीसच्या वर पोरं, तरी त्यांनी ऐकून घेतलं. आता दहा वेळा बंद. शब्द बघायचा, हाताने झाकायचा, मनाने लिहायचा, हात उचलून ताडून बघायचा. चुकला तर खोडायचा नाही, खाली परत. असे तीनच शब्द रोज. वेळ पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. पंधरा मिनिटं झाली की अर्धा शब्द राहिला तरी वही बंद. तिचा विश्वास बसायला जरा वेळ लागला, पहिल्या दिवशी ती “संपलं? खरंच?” असं विचारत राहिली.

३ जुलै

सरावपुस्तकांचा एक संच मागवला होता, तो आला. ४८० रुपये. ‘देवनागरी’ म्हणून घेतला आणि निघाला हिंदीचा. ळ नाहीच. ल आणि श हिंदी वळणाचे. आपल्या राज्य सरकारने २००९ च्या निर्णयात मराठीची वर्णमाला ठरवून दिली, त्यात ल पाकळीचा आणि श शेंडीचा. शाळेत तेच शिकवतात. आधीच अक्षरांत गोंधळलेल्या पोरीपुढे एकाच अक्षराची दोन रूपं ठेवणं म्हणजे आगीत तेल. संच कपाटावर टाकला. घेताना आतलं पान बघून घ्या, नुसतं मुखपृष्ठ नको.

८ जुलै

जवळच्या अक्षरांसाठी ट्रे केला. सुताराकडून प्लायवूडचा तुकडा, बारा बाय नऊ इंच, वर काळा सनमायका, चहूकडे अर्ध्या इंचाच्या पट्ट्या. सुताराने पैसे घेतले नाहीत, दुकानाचं कॅलेंडर घेतलं.

त्यात रवा पसरला, बोटाने अक्षर काढायचं, ट्रे हलवला की पुसलं. मनूला फार आवडलं. आजीला नाही. “खायच्या वस्तूत बोटं घालून कसली रे अक्षरं?” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेमध्ये मुंग्यांची रांग. रवा गेला, रांगोळी आली. किलोभर तीस रुपये. ती रव्यापेक्षा सरस निघाली: काळ्यावर पांढरी खुलून दिसते, शिवाय खरखर बोटाला लागते. धूळ उडते म्हणून ओसरीत बसायचं, पंखा बंद.

एक ध्यानात आलं. घ आणि ध समोरासमोर ठेवून ‘फरक सांग’ म्हटलं की गोंधळ वाढतो. या आठवड्यात फक्त ध. धान, धनुष्य, धूर, दही नव्हे धपाटा. घ ला घरातून हद्दपार केलं. ध अगदी झोपेतसुद्धा निघेल असा झाला की मग घ ला बोलवायचं.

१५ जुलै

वेलांटीचं कोडं सुटलं, आणि सुटलं ते दुकानात.

जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलत होतो. जुन्या टाइपरायटर पद्धतीच्या कळफलकावर ‘दि’ काढायला आधी वेलांटी दाबायची, मग द. मोबाइलवर आधी द, मग वेलांटी. पडद्यावर ती आपोआप अलीकडे जाऊन बसते. मनूचा कान मोबाइलसारखा चालतो आणि हात टाइपरायटरसारखा चालायला हवा. ती द ऐकते, द लिहिते. मग इ ऐकते, वेलांटी काढते. कागदावर ती वेलांटी व च्या डोक्यावर पडते आणि आपण वाचतो दविस. तिच्या हिशेबाने तिने दिवसच लिहिलेलं असतं. म्हणून ‘नीट बघ’ म्हटलं तरी तिला त्यात चूक दिसायची नाही.

त्यात शाळेतली बाराखडी: ‘दला काना दा, दला पहिली वेलांटी दि’. म्हणतानाही द आधी. काना नंतर येतो, दुसरी वेलांटी नंतर येते, उकार खाली, मात्रा वर. आख्ख्या बाराखडीत पहिली वेलांटी तेवढी अक्षराच्या अलीकडे.

पहिला उपाय केला तो असा: “इ ऐकू आली की आधी वेलांटी काढ, मग अक्षर.” हा उपाय अंगाशी आला. तिने सगळीकडेच आधी वेलांटी काढायला सुरुवात केली. मी चं मि, पाणी चं पाणि. चार दिवस त्यात गेले.

दुसरा उपाय टिकला, तो पुढे लिहितो.

१९ जुलै

‘एक अक्षर, एक घर.’ दुरेघी वही बाजूला ठेवली आणि दुकानात चौकोनी कागद छापले. चौकोन १८ मिलिमीटरचा. वेलांटी-काना-मात्रा, जे काय असेल ते ज्याच्या त्याच्या घरात. डावीकडे चौकोनाचा पाव भाग तुटक रेघेने वेगळा केला, तो घराचा ओटा. पहिली वेलांटी ओट्यावर उभी राहते.

लिहिण्याआधी चिंचोके. शब्द मोठ्याने म्हणायचा, प्रत्येक अक्षराला एक चिंचोका घरात ठेवायचा: दि, व, स. तीन. ‘दि’ हा एकच चिंचोका. द आणि इ अशी फोड करायची नाही. मग चिंचोका उचलायचा आणि त्या घरात अख्खं ‘दि’ काढायचं. द आधी काढला तरी चालेल, ओटा मोकळा आहे, वेलांटी नंतर तिथे घाल. क्रम कुठलाही असो, वेलांटी शेजाऱ्याच्या घरात जाऊ शकत नाही.

छपाईची पहिली खेप वाया गेली. रेघा काळ्या होत्या, त्यामुळे काना कुठला आणि चौकोनाची भिंत कुठली ते तिलाच काय, मलाही कळेना. दुसरी खेप फिक्या निळ्यात, वीस टक्के टिंट. कागद ७० जीएसएमचा मॅपलिथो. याहून पातळ घेतला तर पेन्सिलीचा जोर मागच्या पानावर उमटतो. बाहेर रंगीत प्रिंट काढायची तर एका पानाला दहा रुपयांच्या खाली कोणी देत नाही. एकच पान काढून त्याची फिक्की झेरॉक्स करून घ्या, काम भागतं.

२४ जुलै

हात. पेन्सिल ती मुठीत धरल्यासारखी धरते आणि इतकी दाबते की टोक मोडतं. जाड तिकोनी पेन्सिल आणली, फरक नाही. फरक पडला तो बुटक्या पेन्सिलीने. बोटभर उरलेली पेन्सिल मुठीत मावतच नाही, तीन बोटांतच धरावी लागते. नव्या पेन्सिली मधोमध तोडल्या. आजीचा जीव हळहळला.

ओसरीच्या भिंतीवर फळ्याचा काळा रंग मारला, दोन हात. उभ्या भिंतीवर लिहिताना मनगट आपोआप वर उचललं जातं. पाटीही आणली, दगडी. पत्र्याची नको, पेन्सिल घसरते. पाटीवरची पेन्सिल खाण्याची सवय मात्र लागली होती, ती तिच्या आईने मोडली. कशी, ते मला सांगितलं नाही.

३१ जुलै

शिरोरेषेचा घोळ.

मनू प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ मारायची, त्या रेघा शेजारच्या शब्दापर्यंत जायच्या आणि सगळं वाक्य एका माळेत. म्हणून सांगितलं: शब्द पूर्ण लिही, मग सगळ्याला मिळून एक छप्पर. शब्द सुटे झाले, पान एकदम स्वच्छ दिसायला लागलं. मी खूश. आणि आज श्रुतलेखनात ‘धनुष्य’चं ‘घनुष्य’, ‘भाकरी’ची ‘माकरी’.

ध नुकताच पक्का झाला होता. गेला कुठे? तो गेला नव्हता. ध, भ, थ यांच्या डोक्यावर सलग रेघ नसते, डावीकडची गाठ उघडी राहते. तिने अक्षरं बरोबर काढली होती, पण सरसकट छप्पर ओढल्यावर ध चा घ झाला, भ चा म झाला, थ चा य झाला. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ च्या खुनाच्या गोष्टीतला ‘ध’चा ‘मा’ आपल्याला ठाऊक आहे; आमच्याकडे नुसत्या छपरावर भागलं.

आता नियम असा: छप्पर ओढताना ही तिघं आली की पेन्सिल उचलायची. गाठही मुद्दाम मोठी, ठसठशीत काढायची. सरावाच्या पानांचा फाँटही बदलला. बऱ्याच फाँटांत ही फट केसाएवढी असते, १४ पॉइंटला ती दिसतच नाही. ४८ पॉइंटला बघून फाँट निवडा.

९ ऑगस्ट

पावसाने शाळेला सुट्टी, आणि घरात दिवसभर एकच विषय: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ चा पूर आमच्या गल्लीने पाहिलाय, त्यामुळे आजी दर तासाला विचारते, “किती झालं गं?”

मनूने आपणहून भिंतीवरच्या फळ्यावर नोंद सुरू केली. ‘पुल ३४ फुट’. दोन तासांनी ‘पुल ३५ फुट’. मी हाताची घडी घालून बघत राहिलो. तिसरा ढीग, ऱ्हस्व-दीर्घाचा, आपल्या पायाने चालत आला होता.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम एकूण अठरा: १४ नियम १९६२ मध्ये झाले, ४ त्यात १९७२ मध्ये वाढले. सात वर्षांच्या पोरीला अठरा कशाला? दोन काढले.

पहिला: शब्दाच्या शेवटी वेलांटी किंवा उकार आला तर तो दुसराच. पाणी, नदी, मी, तू, मनू. स्वतःचंच नाव यात बसतंय म्हटल्यावर हा तिला लगेच पटला. ‘आणि’ला पहिली का, हे तिने विचारलंच. त्याला उत्तर एकच, ‘आणि’ तसाच असतो.

दुसरा: शेवटचं अक्षर साधं असेल, म्हणजे त्याला काना-मात्रा काही नसेल, तर त्याच्या अलीकडची वेलांटी-उकार दुसरा. पूल, पूर, फूट, ऊस, दूध, खीर, बहीण. पण शब्दाला शेपटी लागली की तो पहिला होतो. पुलावर, पुरात, फुटांनी, उसात, दुधात, खिरीत, बहिणीला.

हा नियम मी सांगितला नाही. फळ्यावर दोन रांगा केल्या, एकीत पूल-पूर-फूट-ऊस, दुसरीत पुलावर-पुरात-फुटांनी-उसात, आणि विचारलं, काय बदललं? ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “शब्द लांब झाला की उकार बारीक होतोय की!” व्याकरणाच्या पुस्तकात उपान्त्य, सामान्यरूप वगैरे शब्द घालून जे सांगतात ते हेच. गुण, सुख, विष असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला जुमानत नाहीत, ते अजून तिच्या कानावर घातलेले नाहीत. समोर आले की एकेक.

पाणी उतरेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ एक वाक्य. ‘आज पुलाजवळ पाणी ३७ फूट आहे.’ ते फळ्यावर, कारण घरातले सगळे खरंच तिथे येऊन बघत होते. पंधरा मिनिटांचं घड्याळ या दिवसांत लावलंच नाही.

एकदा ‘छत्तीस’ ऐकून तिने ६३ लिहिले आणि आजीचा ठोकाच चुकला. आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्याचा हा प्रताप. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही तेव्हा हसलो होतो. आता घरात आकडा लिहायचा असला की छत्तीसच्या मागून हळूच ‘तीस सहा’ म्हणतो.

२३ ऑगस्ट

वाणसामानाची चिठ्ठी आता मनू लिहिते. आजी सांगते, मनू लिहिते, आणि दोघी कोपऱ्यावरच्या दुकानात जातात. आज मीही होतो.

दुकानदाराने चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. “साखर एक किलो, बरोबर. चहा पाव. आणि हे... अर्धा किलो काय खायचं, मनूताई?”

चिठ्ठीत होतं ‘खा अर्धा किलो’.

मनूने टाचा उंचावून कागदात डोकावलं. “खा नाही काका, रवा!”

“मग त्या र ला जरा लांब बसव की. इतका चिकटलाय, मला वाटलं जेवायलाच बोलावतीय.”

तिने काउंटरवरचं पेन मागून घेतलं, ‘खा’ खोडला, शेजारी ‘रवा’ लिहिला, मध्ये बोट ठेवून अंतर मोजलं. लाल पेन नाही, शेरा नाही. घरी आल्यावर ख दाखवला: छापील ख मध्ये र चा पाय व ला खालून जोडलेला असतो, तो एवढ्यासाठीच. ख लिहायचा तर पाय चिकटव, रव लिहायचं तर अंतर सोड. त्यानंतर हा घोळ जवळपास मिटला. मला रांगोळीत आठवडाभर करूनही जे जमलं नसतं ते दुकानदाराने अर्ध्या मिनिटात केलं. चिठ्ठ्यांचं काम आधीच सुरू करायला हवं होतं.

१० सप्टेंबर

गणपतीत सगळं बंद. पाहुणे, आरत्या, मोदक. परत बसलो तर वेलांटी शाबूत, पूल-पुलावर शाबूत, ध-घ मात्र पुन्हा हलले. ट्रे परत काढला.

१९ सप्टेंबर

पाचवा ढीग, पानी आणि लोनी. हा नाजूक होता, कारण आमच्या घरात माझी आई असंच बोलते आणि मनू दिवसातले निम्मे तास तिच्याजवळ असते. पोर जे ऐकते ते अगदी बरोबर लिहिते आहे. ‘पानी चूक’ म्हटलं की आजी चूक होते, आणि ते मला नको होतं.

आजीनेच तोड काढली. म्हणाली, “मी बोलते पानी. पर पुस्तकात पाणी असतंय ना? मग लिहिताना पुस्तकाचं ऐकायचं, माझं नाही.” आता चिठ्ठी लिहिताना ण चा शब्द आला की आजी स्वतः थांबते आणि “हितं पुस्तकाचा ण” म्हणते. स्वयंपाकघराच्या दारावर ण ची यादी लावली: पाणी, लोणी, लोणचं, चटणी, फोडणी, दाणे, कोण, आणि. निम्मी यादी फडताळातलीच निघाली. ताकावर लोणी आलं की मनू दारावर बोट ठेवते.

७ ऑक्टोबर

जोडाक्षरं. इथे कानाचा उपयोग संपतो, हे आधीच सांगून ठेवतो.

‘मुलगा’ म्हणून बघा. ल अर्धाच उच्चारला जातो, लिहायचा मात्र पूर्ण. ‘पुस्तक’ म्हणा. स तितकाच अर्धा, आणि लिहायचाही अर्धा. मनू कधी ‘मुल्गा’ लिहिते, कधी ‘पुसतक’, आणि दोन्ही वेळा ती कानाशी इमानदार असते. चिंचोके इथे उपयोगाचे नाहीत. ‘पुस्-तक’ असे दोनच ठेवते, आणि ते चूक आहे असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

नियम शोधण्यात दोन रविवार घातले, मुलाला सांगता येईल असा मिळाला नाही. शेवटी डोळ्यावर सोपवलं. एका जोडीचे शब्द एका पानावर: मस्त, जास्त, दोस्त, रस्ता, पुस्तक, वस्तू. ‘स्त’ प्रत्येक शब्दात लाल, बाकी काळं. चौकोनी कागदावर ‘स्त’ एका घरात राहतो, दोघं भाडेकरू, एक आत एक दारात. रोज नुसतं वाचायचं, आठवडाभर लिहायचं नाही. मग झाकून लिहायचं. ‘स्त’ जमला. ‘क्क’ आणि ‘च्च’ पटकन जमले: पक्का, चक्का, कच्चा, बच्चा. अक्षर तेच दोनदा, त्यामुळे असेल.

द च्या जोड्या लांबवल्यात. पाठ्यपुस्तकात ‘विद्‌यार्थी’ पाय मोडून छापलेला आणि बाहेर, माझ्या स्वतःच्या पत्रिकांवर, ‘विद्यार्थी’ जोडून. पुस्तकातलं रूप फोड दाखवतं म्हणून मुलाला सोपं आहे, हे माझं मत. आमच्या धंद्यातल्या कितीतरी जणांना ते बघवत नाही, तो भाग वेगळा.

१ नोव्हेंबर

पहिल्या सत्राचे पेपर मिळाले. भाषेत वर्गाच्या मधोमध. मी गुण बघून वही मागितली आणि परत ढीग केले. ‘दविस’ जातीची चूक शोधून सापडेना, एकच निघाली, ‘निळा’मध्ये, तीही शेवटच्या प्रश्नात. ध-घ थकली की अजून हलतात. ऱ्हस्व-दीर्घ निम्म्यावर आले. जोडाक्षरांचा ढीग आता सगळ्यात उंच आहे, पण त्याचं कारण असंही आहे की पूर्वी ती जोडाक्षराचा शब्द आला की लिहायचंच टाळायची, आता लिहिते.

निबंधाला पाच ओळी मागितल्या होत्या. ‘पाऊस’वर तिने नऊ लिहिल्या, त्यांतली एक आजी पुराचं पाणी बघून काय म्हणाली ती, जशीच्या तशी, ‘पानी’सकट. बाईंनी त्याला गोल केला. अवतरणचिन्हं हा पुढचा धडा घ्यावा लागणार.

खर्चाचा हिशेब, कोणाला लागला तर: डोळे-कान ७००, फुकट गेलेला संच ४८०, फळ्याचा रंग आणि ब्रश २६०, पाट्या-पेन्सिली १५०, सनमायका १२०, रांगोळी ६०. कागद-छपाई घरची, बाहेरून केली असती तर पाचशेच्या आसपास. समुपदेशक बाईंची फी वेगळी. वेळेचं म्हणाल तर रोजची पंधरा मिनिटं मनूची. माझी पानं तयार करण्यात त्याच्या दुप्पट गेली.

रफार अजून उघडलेला नाही. सूर्य, गर्दी, वर्ग यांत र आधी ऐकू येतो आणि जाऊन बसतो पुढच्याच्या डोक्यावर, म्हणजे वेलांटीचंच भांडण उलट्या बाजूने. शिवाय प्र वेगळा, ट्र वेगळा, दुसऱ्या मधला ऱ्य वेगळा. एकाच र ची इतकी सोंगं एकदम काढायची नाहीत, जानेवारीत सुरुवात. चाचणीसाठी जूननंतरची वेळ मागून ठेवली आहे. निकाल काहीही आला तरी हे कागद आणि चिठ्ठ्या चालूच राहतील.

दिवाळीच्या सुट्टीत वही नाही. किल्ला करायचाय, त्याच्या पाट्या मात्र तिनेच लिहायच्या: बुरूज, बाजारपेठ, विहीर, तोफ, मावळे. ‘विहीर’मध्ये दोन्ही वेलांट्या आहेत आणि ‘बुरूज’मध्ये दोन्ही उकार, यादी तिला दिली तेव्हा मी मुद्दामच गप्प बसलो. माती उद्या सकाळी येतेय.